साहित्य आणि कृती: खाजनाच्या मातीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६, माशेल

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीत, मानशीजवळची (बांधातल्या दाराजवळची) माती आतल्या मातीपेक्षा कर्ब, खारटपणा आणि मँगनीज यांत वेगळी असते का, यावरचा माझा लेख परत आला. दोन्ही परीक्षकांना विषय पटला आहे, निष्कर्षांवरही फारसा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो कृतीवर. एकाने स्पष्ट लिहिले आहे की एवढ्या वर्णनावरून हा प्रयोग दुसऱ्या कोणाला करता येणार नाही. दिवसभर कशात मन लागले नाही, कारण शेरा खरा आहे. कुंभारजुवे, दिवाडी आणि चोडण अशी तीन खाजने, तीस नमुने, दीड वर्षाचे काम, आणि ते कसे केले हे सांगायला मी जेमतेम एक पान खर्च केले होते.

शाळेच्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम सगळ्यांनी गिरवलेला असतो. त्यातली कृती पुस्तकातून उतरवायची. ती सवय हातात इतकी मुरते की पुढे स्वतःचे संशोधन लिहितानाही आपण कृती उतरवूनच काढतो. फक्त पुस्तकाऐवजी आधीच्या लेखांतून.

बाकी सगळे बाजूला ठेवून आधी हा एकच भाग नव्याने लिहायचा असे ठरवले. आणि तो बरा झाला की नाही हे मी ठरवणार नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तयार झाली आहे. तिने हे काम पाहिलेले नाही. तिला माझा मजकूर द्यायचा, तोंडाने एक अक्षर सांगायचे नाही, आणि उरलेल्या मातीच्या सहा बाटल्या द्यायच्या: तीन मानशीजवळच्या, तीन आतल्या बाजूच्या.

७ जानेवारी

जुना मजकूर मोठ्याने वाचला. ‘नमुने गोळा करण्यात आले. वाळवण्यात आले. चाळण्यात आले. विश्लेषण करण्यात आले.’ सगळी वाक्ये ‘आले’वर संपतात आणि करणारा कुठेच दिसत नाही. शास्त्रीय लिखाणात कर्ता दाखवू नये असे आम्हाला कॉलेजात शिकवले. पण खोदणारा, चाळणारा, ब्युरेट वाचणारा हात कोणाचा यावर बरेच अवलंबून असते.

तपासले तर चोडणचे पाच नमुने मी काढलेलेच नाहीत. मला ताप होता, भाऊ फेरीबोटीने पलीकडे जाऊन घेऊन आला. ऑगर (माती काढायचे गिरमिट) तोच, खोली त्याला सांगितलेली. तरी हे लिहायलाच हवे. ‘तीसपैकी पाच नमुने दुसऱ्या व्यक्तीने त्याच उपकरणाने घेतले’ एवढे लिहिले की झाले. त्याने काही बिघडले असेल असे मला वाटत नाही, पण ते ठरवण्याचा हक्क वाचकाचा आहे.

‘आम्ही’ वापरायचे असे ठरले. गाईड सरांना आधी खटकले, मग मानले. जिथे कोण याने फरक पडत नाही तिथे ‘करण्यात आले’ राहू दे.

१२ जानेवारी

पहिल्या फेरीचे आकडे आले. विद्यार्थिनीने आणि मी त्याच सहा बाटल्यांतून सेंद्रिय कर्ब काढला. माझ्या मजकुरात त्याबद्दल एकच वाक्य होते: ‘सेंद्रिय कर्ब वॉकली-ब्लॅक पद्धतीने काढण्यात आला.’ तिने कुठल्याही माती परीक्षणाच्या पुस्तिकेत असते तीच कृती घेतली. अर्धा ग्रॅम माती, एक नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली, तीव्र गंधकाम्ल २० मिली, अर्धा तास थांबणे, पाणी, फॉस्फोरिक ॲसिड, डायफिनाइलअमाइन, मग उरलेल्या डायक्रोमेटचे फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन; जेवढे डायक्रोमेट खर्च झाले त्यावरून कर्ब. सगळे बरोबर, हातही स्वच्छ.

तरी मानशीजवळच्या तिन्ही नमुन्यांत तिचा कर्ब माझ्यापेक्षा ठळकपणे जास्त. आतल्या तिन्हींत किंचित कमी.

पहिला भाग उलगडायला वेळ लागला नाही. फरक खारटपणाबरोबर वाढतो, म्हणजे दोषी मीठ. डायक्रोमेट कर्बाला जसे जाळते तसेच क्लोराइडलाही क्लोरीन करून सोडते. चार क्लोराइड आयन एका कर्बाच्या अणूइतके डायक्रोमेट खातात, म्हणजे वजनात साधारण १२ भाग क्लोराइड असले की १ भाग खोटा कर्ब आकड्यात येऊन बसतो. डोंगरउतारावरच्या मातीत याने काही होत नाही. खाजनात, जिथे भरतीचे पाणी पाझरते, तिथे होते. म्हणून गंधकाम्लात आधीच किमान १.२५ टक्के सिल्व्हर सल्फेट विरघळवतात, क्लोराइड तिथेच चांदीशी जखडले जाते.

मी ते केले होते. आमच्या प्रयोगशाळेत कपाटात दोन बाटल्या असतात, एक साधे ॲसिड आणि एक ‘चांदीवाले ॲसिड’. खाऱ्या मातीला चांदीवाले घ्यायचे हे इथे सगळ्यांना ठाऊक, इतके ठाऊक की मला ते लिहावेसेच वाटले नाही. जे आपल्या खोलीत सगळ्यांना ठाऊक असते तेच कागदावरून गळते, आणि खोलीबाहेरच्याला तेवढेच हवे असते.

१३ जानेवारी

दुसरा भाग, आतल्या नमुन्यांत तिचे आकडे कमी का?

आज तिच्या शेजारी उभी राहून फक्त पाहिले. तिने फ्लास्क कडप्प्याच्या ओट्यावर ठेवले, वर पंखा. मी नेहमी माझ्या कोपऱ्यातल्या लाकडी फळीवर ठेवते, कारण तिथे जागा असते. या पद्धतीत बाहेरून आच देत नाहीत. पाण्यात ॲसिड मिसळताना निघणाऱ्या उष्णतेवरच सगळे चालते, मिश्रण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि मग निवत जाते. थंड दगडावर ते लवकर निवते आणि कर्ब कमी जळतो. जुन्या पुस्तिकांत फ्लास्क ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावर ठेवा असे लिहिलेले असते, ते यासाठीच. मला तो ओट्याचा रंग जाऊ नये म्हणून दिलेला सल्ला वाटत होता.

एकाच बाटलीतली माती घेऊन पाच फ्लास्क फळीवर, पाच कडप्प्यावर, पंखा तोच. कडप्प्यावरचे पाचही खाली आले.

आता वाक्य असे: ‘ॲसिड घातल्यानंतर फ्लास्क लाकडी फळीवर, पंखा बंद ठेवून, ३० मिनिटे ठेवले.’ सर म्हणाले, संपादक फळी कापेल. कापू दे, पुरवणीत राहील.

याच ओघात १.३ चा गुणकही पाहिला. वॉकली आणि ब्लॅक यांनी १९३४ साली त्यांच्या मातींसाठी सरासरी ७७ टक्के कर्ब जळतो असे धरले, आणि १ भागिले ०.७७ म्हणजे १.३. तो त्यांच्या मातींचा गुणक. आपण तो खाजनाच्या चिखलाला लावतो तेव्हा ते गृहीतक असते, आणि गृहीतक म्हणूनच लिहायला हवे. मी ज्या लेखाचा हवाला दिला होता तो दुसऱ्याचा हवाला देत होता, तो तिसऱ्याचा. तिन्हीत गुणक होता, तो कुठून आला हे एकातही नव्हते.

१५ जानेवारी

वाळवण्याचा प्रश्न. माझ्या वहीत फक्त ‘सुकवली’ आहे.

भाताच्या खाचरात तुंबलेल्या चिखलात लोह फेरस रूपात असते. तेही डायक्रोमेट खाते आणि कर्ब फुगवते. माती हवेवर नीट सुकली की फेरसचे फेरिक होते आणि हा दोष बराचसा जातो. उलट, मँगनीजचे ऑक्साइड स्वतःच कर्बाला जाळते, त्यामुळे डायक्रोमेट वाचते आणि कर्ब कमी दिसतो. क्लोराइड आणि फेरस वर ओढतात, मँगनीज खाली. मांडवीच्या काठावर तिन्ही एकाच मुठीत सापडतात, म्हणूनच ‘वॉकली-ब्लॅक पद्धतीने’ हे तीन शब्द इथे पुरत नाहीत.

म्हणजे सुकवणे चांगले? कर्बासाठी हो. पीएचसाठी नाही. या चिखलात पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असेल तर हवा लागली की त्याचे गंधकाम्ल होते, आणि सुकवलेल्या मातीचा पीएच शेतातल्या ओल्या मातीपेक्षा पुष्कळ खाली जाऊ शकतो. कर्बाला जे मानवते ते पीएचला मारक. सुदैवाने मी पीएच त्याच दिवशी ओल्या मातीत मोजला होता, पण लिहिले नव्हते. आता दोन वेगळी वाक्ये: पीएच ओल्या मातीत, नमुना काढल्यापासून सहा तासांच्या आत. कर्ब सावलीत, ट्रेमध्ये एक बोट जाडीच्या थरात, सहा दिवस वाळवलेल्या मातीत, रोज एकदा उलथून.

१८ जानेवारी, पौष अमावास्या

सकाळी कुंभारजुव्याला गेले. आज फोंड्याकडच्या खाजनांच्या काठी चिखलाची मगर थापून पूजतात. इथे कालव्यात खरीच मगर असते, बांधावरून चालताना सगळे पाण्याकडे बघत चालतात.

ज्यांच्या शेतातून नमुने घेतले ते काका बांधावर चिखल लिंपत होते. लेखासाठी जागेचे वर्णन करायचे होते म्हणून मानशीची रुंदी विचारली. मानस म्हणजे बांधातले दार. भरतीचे पाणी बाहेरून ढकलते तेव्हा फळ्या आपोआप मिटतात, सुकतीला आतले पाणी ढकलून उघडतात. बोलता बोलता मी सांगितले की दिवाळीनंतरच्या उधाणात घेतलेल्या नमुन्यांत मानशीजवळ फारच खारटपणा निघाला. ते हसले.

“बाय, तेन्ना मानशीचें फळें मोडिल्लें. उगडास ना तुका?”

ऑक्टोबरात, कापणी होऊन गेल्यावर, मानशीची एक फळी मोडली होती. नवी बसेपर्यंत पोती आणि चिखल घालून भागवले, पण खारे पाणी आत येतच होते. मी त्याच आठवड्यात तिथे ऑगर घेऊन उभी होते. पोती मी पाहिली होती. ती माझ्या वहीत नाहीत.

माझ्या लेखात ‘नमुने ओहोटीच्या वेळी घेतले’ असे होते. आता कळते की त्यात काहीच नाही. उधाणाची ओहोटी की भांगाची, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांतली? मानस धड की मोडकी? आत पाणी किती उभे होते? जागेचे वर्णन म्हणजे अक्षांश-रेखांश आणि पाऊस नव्हे. खाजन हे माणसांनी रोज सांभाळलेले यंत्र आहे, त्या दिवशी ते यंत्र कसे चालले होते हाही कृतीचाच भाग.

वहीत नवा रकाना आखला: मानशीची स्थिती, सांगणारा कोण. आता चोडण आणि दिवाडी दोन्हीकडे हेच विचारावे लागेल.

कूळ संघटनेने शेतात उतरायला दिलेली परवानगीही मजकुरात घातली, ती आधी आभारांत होती.

२० जानेवारी

विद्युत वाहकता. इथे माझी सरळ चूक सापडली.

मी एक भाग माती आणि पाच भाग पाणी हलवून वाहकता मोजली होती, आणि पुढे लिहिले होते की ४ डेसीसीमेन्स प्रति मीटर या मर्यादेच्या वरचे नमुने खारे धरले. ती मर्यादा अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेतून सगळीकडे गेली, पण ती संपृक्त लगद्यातून गाळलेल्या पाण्यासाठी आहे. लगद्यात पाणी जेमतेम मातीला पुरेल इतकेच असते. एकास पाचमध्ये मीठ कितीतरी पातळ होते, आकडा लहान येतो. म्हणजे खऱ्या अर्थाने खारे असलेले काही नमुने मी गोड्यांत टाकले.

गुणक लावून एकातून दुसऱ्यात जाता येते, पण तो गुणक मातीच्या पोतानुसार बदलतो. चिकणमातीला एक, रेताडीला दुसरा. म्हणून तीसपैकी दहा नमुन्यांचे लगदे करून पाणी गाळून काढले. दोन्ही आकडे द्यायचे, प्रत्येकापुढे प्रमाण लिहायचे, तापमान २५ अंश सेल्सिअस लिहायचे. मीटर ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने, म्हणजे २५ अंशाला १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर या मूल्यावर, रोज सकाळी जुळवला होता, तेही.

हा दोष परीक्षकांनी दाखवला नव्हता. नीट लिहायला बसले म्हणून सापडला. कृती सविस्तर लिहिण्याचा हा उपयोग कोणी मला आधी सांगितला नव्हता.

२७ जानेवारी

मँगनीजचे टप्पे. पूर्ण आठवडा यात गेला आणि जायलाच हवा होता.

एकूण मँगनीज किती हे पुरेसे नसते, ते किती घट्ट बसले आहे हे बघायचे. त्यासाठी टेसिए आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली दिलेली पाच टप्प्यांची धुलाई. त्याच मातीवर आधी मॅग्नेशियम क्लोराइड, मग पीएच ५ चे सोडियम ॲसिटेट, मग ९६ अंशाला हायड्रॉक्सिलअमाइन, मग हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि शेवटी उरेल ते हायड्रोफ्लोरिक आणि परक्लोरिक ॲसिडात. प्रत्येक टप्प्याला नाव आहे: अदलाबदलीचे, कार्बोनेटला धरलेले, लोह-मँगनीज ऑक्साइडमधले, सेंद्रिय पदार्थांतले, अवशिष्ट.

मी कोष्टकात ही नावे लिहिली होती. पण मी पाहिले काय? पीएच ५ च्या ॲसिटेटने पाच तासांत किती मँगनीज निघाले, एवढेच. ते कार्बोनेटमधूनच आले हा त्या नावाने केलेला दावा. ॲसिटेट थोडे ऑक्साइडही सोडवत असेल, एका टप्प्यात सुटलेले मँगनीज पुन्हा मातीला चिकटतही असेल. इथे पद्धतच त्या राशीची व्याख्या असते: द्रावण बदलले, तास बदलले, तापमान बदलले, की मोजली जाणारी वस्तूच बदलली. म्हणून कोष्टकाच्या रकान्यांना द्रावणांची नावे दिली, खनिजांची नावे चर्चेत नेली. सरांशी यावर तासभर वाद झाला. ते म्हणतात सगळे क्षेत्र हीच नावे वापरते. मी म्हणते वापरू दे, पण आधी द्रावण. शेवटी दोन्ही राहिली, द्रावण वर, नाव खाली.

प्रत्येक टप्प्यानंतर सेंट्रिफ्यूज. मी लिहिले होते ‘३००० फेरे प्रति मिनिट’. फेऱ्यांवरून जोर कळत नाही, त्रिज्या लागते. सूत्र साधे आहे: त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, गुणिले १.११८ भागिले एक लाख. १० सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३००० फेऱ्यांना साधारण १००६ पट गुरुत्व मिळते, १५ सेंटिमीटरच्या यंत्रात साधारण १५०९ पट. तेच बटण, दीडपट जोर, आणि तळाशी बसणारा गाळ वेगळा. आमच्या यंत्राची त्रिज्या पट्टीने मोजली, आकडा गुरुत्वाच्या पटीत लिहिला.

पडताळ्यासाठी पाचही टप्प्यांची बेरीज वेगळ्याने पूर्ण विरघळवलेल्या त्याच मातीच्या एकूण मँगनीजशी ताडली होती. ते आधी लिहिलेच नव्हते! एवढा चांगला पुरावा हाताशी असून वहीत पडून राहिला.

१ फेब्रुवारी

जीपीएसचे आकडे फोनवरून आठ दशांशांपर्यंत उतरवले होते. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा पाच दशांश म्हणजे मीटरभर आणि आठ दशांश म्हणजे मिलिमीटर. फोनला मीटरभरही नक्की सांगता येत नाही. चार दशांश ठेवले, साधारण ११ मीटर.

७ फेब्रुवारी

आजच्याच तारखेला २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले. त्याआधी २०१२ मध्येही खाणकाम थांबले होते. जागेच्या वर्णनात या दोन्ही तारखा घातल्या. मांडवीतून खनिजाच्या बार्जी कधी धावत होत्या आणि कधी नाही, हे माहीत नसलेला वाचक वरच्या थरातले मँगनीज कसे समजून घेणार? परदेशी परीक्षकाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि इथे जन्मलेल्याला ते लिहावेसे वाटत नाही.

११ फेब्रुवारी

संख्याशास्त्राचा परिच्छेद. ‘एन बरोबर ३०’ असे मी तीन ठिकाणी लिहिले आहे. एन म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या.

माझा प्रश्न होता: मानशीजवळची माती आतल्या मातीपेक्षा वेगळी असते का? प्रत्येक खाजनात पाच नमुने मानशीजवळ, पाच आत. पण एका मानशीजवळचे पाच खड्डे हे एकाच मानशीचे पाच घास. फळी मोडली तर पाचही एकदम खारट होतात, हे तर काकांनी दाखवूनच दिले. खाजने तीन, म्हणून त्या प्रश्नापुरता एन तीन.

हर्लबर्ट यांनी १९८४ साली याच दोषाला ‘स्यूडोरेप्लिकेशन’, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, असे नाव दिले. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रयोगांपैकी ज्यांनी अनुमानाचे संख्याशास्त्र वापरले त्यांतल्या ४८ टक्क्यांत तो होता. चाळीस वर्षांपूर्वीचे निदान, आणि मी त्याच खड्ड्यात.

तीस नमुने वाया जात नाहीत. खाजन हा यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रतिमान बसवले की प्रत्येक खाजनातली विविधता कामी येते, फक्त दावा आपल्या जागी राहतो. आधी ‘गोव्यातील खाजनांत’ असे म्हटले होते, आता ‘या तीन खाजनांत’. पी ची किंमत, म्हणजे असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, लहान होती ती मोठी झाली. वाईट वाटले, पण आधीची मुळात माझी नव्हतीच.

कोष्टकात अधिक-उणे चिन्हापुढचा आकडा प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी, हे कुठेच नव्हते. विचलन नमुन्यांचा पसारा सांगते, त्रुटी सरासरीवरचा भरवसा. त्रुटी आकाराने लहान म्हणून बरी दिसते. विचलन ठेवले, शब्दांत लिहिले.

१४ फेब्रुवारी

कार्निव्हाल, पणजीकडे जायचा प्रश्नच नाही. घरी बसून दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नाण्यांच्या कामाबद्दल पुन्हा वाचले. गोव्याच्या कोसबे गावात १९०७ साली जन्मलेले हे गणिती. तक्षशिलेला सापडलेली आहत (ठसे मारलेली) नाणी त्यांनी एकेक करून तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते, म्हणून वजनातल्या घटीवरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधायचा. मला मोलाची वाटते ती त्यांची पुढची पायरी: झीज खरोखर अशीच होते का, हे पाहायला त्यांनी आपल्या काळची, बाजारात फिरणारी नाणी गोळा करून तीही तोलली. त्यांच्या टांकसाळीचे साल नाण्यावरच छापलेले, म्हणजे उत्तर आधीच माहीत. अज्ञातावर पद्धत चालवण्याआधी ती ज्ञातावर चालवून दाखवायची.

आमच्याकडे हेच काम प्रमाणित संदर्भ गाळ करतो, ज्यातल्या धातूंचे प्रमाण आधीच ठरवलेले असते. मी तो दर दहा नमुन्यांमागे एकदा चालवला होता. लेखात ‘अचूकता समाधानकारक होती’ असे होते. समाधान कोणाचे? आता प्रमाणित मूल्य, आमचे मूल्य, किती वेळा मोजले, असे तिन्ही आकडे एका ओळीत.

२० फेब्रुवारी

अंकांची सफाई. कर्ब १.८३७ टक्के असा लिहिला होता. ब्युरेटवर ०.१ मिलीची रेघ आहे. अर्धा नॉर्मल द्रावणाचा ०.१ मिली म्हणजे ०.०५ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम कर्ब; अर्धा ग्रॅम मातीत तो ०.०३ टक्के, आणि १.३ ने गुणल्यावर जवळजवळ ०.०४ टक्के. एका रेघेला इतका फरक पडत असताना तिसरा दशांश लिहिणे म्हणजे न मोजलेले मोजले असे सांगणे. कर्ब १.८ लिहिला.

शोधमर्यादा (जिच्याखाली मोजणी भरवशाची नसते ती) ब्लँकच्या, म्हणजे माती न घालता केलेल्या मोजणीच्या, विचलनाच्या तिप्पट धरली. तिच्याखाली आलेले चार आकडे मी शून्य लिहिले होते. शून्य हा आकडा आहे, तो सरासरी खाली ओढतो. ते ‘मर्यादेखाली’ असेच दाखवले आणि हिशेबात कसे घेतले ते सांगितले.

२६ फेब्रुवारी

दुसरी फेरी. विद्यार्थिनीला नवा मजकूर दिला, साडेचार पाने आणि पुरवणी. पुन्हा त्याच सहा बाटल्या, पुन्हा मी गप्प. तिला क्रम माहीत होऊ नये म्हणून बाटल्यांवर नवे आकडे टाकले, आणि तिने त्या चिठ्ठ्या काढून लागेल त्या क्रमाने घेतल्या.

सहापैकी पाच जुळल्या, ब्युरेटच्या दोन-तीन रेघांच्या आत. पाचवी जुळली तेव्हा आम्ही दोघी टाळी देऊन मोकळ्या झालो. सहावी, दिवाडीची मानशीजवळची, अजूनही वर जाते. चांदीवाले ॲसिड आहे, फळी आहे, सुकवणे तेच. तिने विचारले, “मॅडम, या बाटलीत मुळं दिसतात, ती काढायची की ठेवायची?” मी हाताने वेचून टाकली होती. तिने ठेवली, कारण मजकुरात नव्हते.

एक वाक्य वाढले: ‘दिसणारी मुळे व शिंपले चिमट्याने काढून मग माती खलात वाटली व ०.२ मिलिमीटरच्या चाळणीतून काढली.’ तिचे नाव आभारांत न ठेवता लेखकांत घालायचे, हे सरांशी बोलून नक्की केले. कृती तपासणे हे काम आहे.

९ मार्च

मुळे काढून सहावी बाटली पुन्हा केली. जवळ आली, पण पुरती जुळली नाही. तीच बाटली अशी का, याचे कारण माझ्याजवळ नाही, आणि लेखात ‘सहापैकी पाच’ असेच जाईल.

चोडणला मानस ऑक्टोबरात धड होती, तिथल्या दोघांनी वेगवेगळे सांगितले तेव्हा खात्री पटली. दिवाडीची मानस सांभाळणारे काका मुलीकडे गेले होते, शिगम्याला परतले. उद्या सकाळच्या पहिल्या फेरीने पलीकडे जायचे. वही, ऑक्टोबरच्या तारखांचे भरती-ओहोटीचे कोष्टक, आणि त्या बाटलीतली उरलेली चिमूटभर माती बरोबर घेते आहे. त्यांना ती दाखवून विचारायचे की मी ऑगर घातला तिथे आधी काय होते.